आधी घारापुरीचे गाव, मग घारापुरीची लेणी!

थंडीचे दिवस आले की आमच्या डोंबिवलीत, कल्याणात आणि ठाण्यात सहलींचे वारे वाहू लागते. शाळांच्या बसगाड्या पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहतात. सोसायट्यांच्या गच्च्यांवर वर्गणीची घासाघीस सुरू होते. आठवड्याचे सहा दिवस लोकलच्या दांडीला लोंबकळणारा आमचा नोकरदार सातव्या दिवशी बायकामुलांना घेऊन कुठे जावे, या विवंचनेत पडतो. अशा वेळी जी पाचदहा नावे हटकून पुढे येतात, त्यांत एक नाव ‘एलिफंटा’ हे असते. आम्ही मात्र घारापुरीच म्हणणार! ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी या बेटाला ते परके नाव दिले, तो हत्तीसुद्धा आता तेथे राहिलेला नाही. हत्ती गेला, नाव मात्र आमच्या जिभेला चिकटून राहिले!

आता आमचा वाचकांना एक साधा सवाल आहे. तुमच्यापैकी जे घारापुरीला जाऊन आले आहेत, त्यांनी प्रामाणिकपणे सांगावे की, त्या बेटावर वस्त्या किती आणि त्यांची नावे कोणती? शंभरात पाच जणांना तरी उत्तर देता येईल की नाही, याची आम्हांला शंका आहे. उत्तर असे आहे : शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. या तीन पाड्यांतून हजार-बाराशे माणसे राहतात, त्यांची स्वतंत्र ग्रामपंचायत आहे आणि त्यांचा तालुका उरण आहे. लेणी पाहायला जाणारा माणूस ज्या धक्क्यावर उतरतो, तो एका गावाचा धक्का आहे. ज्या पायऱ्या तो चढतो, त्या गावातून वर जातात. पण सरकारच्या लेखी घारापुरी हे एक ‘प्रेक्षणीय स्थळ’ आहे आणि प्रवाशांच्या लेखी एक विरंगुळ्याचा दिवस. ती एक नांदती वस्ती आहे, ही गोष्ट दोघांच्याही गावी नाही! घारापुरीच्या दर्शनात आज जे जे काही उणे आहे, धोक्याचे आहे आणि लाजिरवाणे आहे, त्या साऱ्याचे मूळ आमच्या मते या एका विसरात आहे.

धोक्याचे म्हणतो, ते उगीच नव्हे. १८ डिसेंबर २०२४ हा दिवस महाराष्ट्र इतक्या लवकर विसरला असेल, असे मानण्यास आमचे मन धजत नाही. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर नौदलाची एक वेगवान बोट ताबा सुटून आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. पंधरा माणसे प्राणांस मुकली! लाँचचा परवाना ८४ उतारू आणि ६ खलाशी एवढ्यांचा होता आणि प्रत्यक्षात तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती, हे मागाहून उघडकीस आले. उतारूंच्या अंगावर लाइफ जॅकेटे नव्हती. ती बंधनकारक झाली, ती पंधरा चिता पेटल्यावर!

ज्या बंदरात सतराशे साठ जहाजे, तेलवाहू नौका, युद्धनौका आणि मचवे दिवसभर एकमेकांच्या वाटा कापीत असतात, त्याच पाण्यात भर दुपारी इंजिनाच्या चाचण्या व्हाव्यात आणि त्याच पाण्यातून आयाबाया कडेवर पोरे घेऊन सहलीला जाव्यात, ही व्यवस्था ज्यांनी इतकी वर्षे चालू दिली, त्यांना काय म्हणावे? हा अपघात एका बोटीने केला, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. बंदरातील पाण्याचा कोणता पट्टा उतारूंच्या लाँचसाठी आणि कोणता इतरांसाठी, हे समुद्रावर कोणालाही दिसेल अशा रीतीने आखलेले असते, तर ती चाचणी त्या वाटेवर झालीच नसती.

आमच्या जुन्या वाचकांना या संदर्भात ‘रामदास’ आठवल्यावाचून राहणार नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे समुद्राने गिळली. गिरणगावातली, अलिबागेतली, कोकणातल्या खेड्यापाड्यांतली घरेच्या घरे त्या एका सकाळी ओस पडली. स्वातंत्र्याला तेव्हा महिनाही उरला नव्हता. त्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी, त्याच मुंबईच्या तोंडाशी, पुन्हा गर्दीने भरलेली बोट आणि पुन्हा प्रेतांच्या रांगा! मधल्या काळात, मे २०२२ मध्ये, तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा बळी गेला. सातशे वीस किलोमीटरांचा किनारा लाभलेल्या राज्याला माणसे मोजून होडीत बसवण्याची विद्या अजून साधू नये, हे आम्हांला कोडेच आहे.

असो. इतका धोका पत्करून आमचा माणूस घारापुरीला पोचतो. तेथे तो काय पाहतो? धक्क्यावर उतरला की खेळण्यातली म्हणावी अशी छोटी आगगाडी. मग शंभर-सव्वाशे पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना ताडपत्र्यांखालची दुकाने : मण्यांच्या माळा, प्लॅस्टिकचे हत्ती, टोप्या, काकड्या, कैऱ्या. मग माकडे. मग तिकीट. मग पहिले लेणे, त्यातली त्रिमूर्ती, तिच्यापुढे एक फोटो आणि परत! पुढच्या लाँचची वेळ झालेली असते. एक तास जायला, एक तास यायला आणि लेण्यात पुरता अर्धा तास नाही. त्यातही कोणी वाटाड्या भेटलाच, तर तीन तोंडांकडे बोट दाखवून ‘हा ब्रह्मा, हा विष्णू, हा महेश’ असे सांगून मोकळा होतो. वास्तविक ही तीन देवांची मूर्ती नव्हे. ती एकट्या शिवाची आहे, हे मूर्तिशास्त्राचे पंडित टी. ए. गोपीनाथ राव यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच सांगून ठेवले आहे. शंभर वर्षे उलटली. त्यांचे म्हणणे मुंबई बंदर ओलांडून बेटावर अजून पोचायचे आहे!

वाचकहो, त्या लेण्यात पाहण्यासारखे किती आहे, याची नुसती यादी केली तरी हे पान पुरणार नाही. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्यास हे काम झाले, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात आणि त्याचे श्रेय कलचुरी राजा कृष्णराज याच्या काळाला देतात. काळ्या कातळात सुमारे १३० फूट आत खोदत नेलेला मंडप, रांगोरांग खांब, आणि उत्तर, पूर्व व पश्चिम अशा तीन अंगांनी आत येणारा उजेड. पूर्वेच्या अंगणातून आत येणाऱ्याला समोर गाभारा दिसतो : चार दारांचा, प्रत्येक दारापाशी दोन प्रचंड द्वारपाल उभे आणि आत शिवलिंग. उत्तरेच्या दारातून येणाऱ्याला मात्र खांबांच्या रांगेतून दूर, दक्षिणेच्या भिंतीतल्या खोल कोनाड्यात सदाशिवाचे ते जवळजवळ वीस फूट उंच मुखमंडळ हळूहळू उगवताना दिसते. त्याच्यावर ऊन थेट पडतच नाही. जमिनीवरून आणि खांबांवरून परतलेला उजेड तेवढा त्याच्या गालांवर चढतो आणि उतरतो. सकाळी दहाचा सदाशिव आणि दुपारी तीनचा सदाशिव एक नव्हे. ज्याने तेथे दोन तास बसून पाहिले नाही, त्याने तो पाहिलाच नाही, असे आम्ही बेधडक म्हणतो.

मधले मुख मिटल्या डोळ्यांचे, शांत. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताचे उग्र, मिशाळ, हातात साप घेतलेले. उजव्या हाताचे कोवळे, स्त्रीचे, हातात कमळ धरलेले. आणि या मूर्तीच्या दोन बाजूंना कारागिराने काय कोरले आहे, पाहा : उग्र मुखाच्या बाजूला अर्धनारीश्वर आणि कोमल मुखाच्या बाजूला गंगेला मस्तकी झेलणारा गंगाधर. हा योगायोग खास नव्हे! गाभाऱ्याजवळ शिवपार्वतीच्या विवाहाचे शिल्प आहे. त्यात वधू पार्वती शिवाच्या उजव्या हाताला, मान खाली घालून उभी आहे. पलीकडे, लग्नानंतरच्या संसाराच्या शिल्पांत, ती त्याच्या डाव्या हाताला बसते. आमच्या घरातल्या कोणत्याही आजीबाईला हा फरक क्षणात उमगेल, कारण लग्नात नवरीची जागा केव्हा आणि का बदलते, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. चौदा-पंधराशे वर्षांपूर्वीचा पाथरवट आणि फडके रस्त्यावरची आजीबाई यांना एकमेकांची भाषा कळते, आणि मध्ये उभा असलेला वाटाड्या तिला ‘ब्रह्मा-विष्णू-महेश’ सांगतो आहे!

पूर्वेच्या टेकडीवर बौद्धांचे अवशेष आहेत, विटांच्या स्तूपाचा ढिगारा आहे. तेथे किती जण जातात? ऐहोळेच्या इसवी सन ६३४ च्या शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीने जहाजांच्या काफिल्यानिशी जिंकलेल्या ‘पुरी’चा उल्लेख आहे. ती पुरी म्हणजे हीच घारापुरी, असे काही विद्वान मानतात, काही मानत नाहीत. पण या बेटावर एके काळी नगरी नांदत होती, गलबते लागत होती, हे त्या वादावाचूनही दिसते. कल्याणचे व्यापारी कान्हेरीच्या लेण्यांना दाने देत होते आणि कल्याण व ठाणे ही नावे दूरदेशीच्या खलाशांच्या तोंडी होती, त्याच सागरी संसारातली ही एक पेठ. १८८२ साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये घारापुरीचे सविस्तर वर्णन शोधायचे झाले, तर ते ठाणे जिल्ह्याच्या खंडात सापडते, कारण त्या काळी पनवेलकडचा मुलूख ठाण्यातच मोडत असे. तेव्हा हे बेट मुंबईचे आणि आम्ही तेथले पाहुणे, असा गैरसमज निदान ठाणेकरांनी आणि डोंबिवलीकरांनी तरी करून घेऊ नये.

घारापुरीवरून काय काय गेले, ते पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. लेण्यातला एक शिलालेख पोर्तुगिजांनी उखडून पोर्तुगालला पाठवला, असे त्यांच्याच इतिहासकाराने, दियोगु दु कौतु याने, लिहून ठेवले आहे. तो पुढे बेपत्ता झाला. लेणी कोणी खोदवली, याचे कदाचित निश्चित उत्तर त्या दगडावर होते! दगडी हत्तीचे मस्तक १८१४ साली ढासळले. पुढे १८६४ मध्ये तो विलायतेला नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलताना त्याचे तुकडे झाले. ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत आले, १९१४ मध्ये जोडले गेले, आणि आज जिजामाता उद्यानात भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो हत्ती उभा आहे. ज्यांना घारापुरीचा हत्ती पाहायचा आहे, त्यांनी लाँचमध्ये बसू नये, भायखळ्याला उतरावे! बेटावरच्या काही सुंदर भग्न मूर्ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत, तेथे त्या सुरक्षित आहेत, याबद्दल आमची तक्रार नाही. पण आणण्यासारखे होते ते सर्व बेटावरून आणणाऱ्या मुंबईने बेटाला परत काय दिले, हा हिशेब कधी तरी मांडला पाहिजे.

तो आम्ही एका ओळीत मांडतो. युनेस्कोने १९८७ साली घारापुरीची लेणी जगाच्या वारशात नोंदवली आणि बेटावरच्या घरांत चोवीस तास वीज आली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी! मधली एकतीस वर्षे जगाचा वारसा अंधारात होता. समोर, पाण्यापलीकडे मुंबईचे लक्षावधी दिवे रात्रभर लखलखत आणि इकडे संध्याकाळचे दोनतीन तास जनित्र घरघरले की शेतबंदरच्या पोरांनी तेवढ्यात पुस्तके मिटायची. शेवटी समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकली गेली आणि घारापुरी उजळली. ज्यांनी ती टाकली त्यांना आम्ही मनापासून धन्यवाद देतो. पण समुद्राच्या तळातून तार टाकता येते, हे सिद्ध झाल्यावर समुद्राच्या पृष्ठावरून धड नियमित लाँच का चालवता येत नाही, हे आम्हांला कोणी समजावून सांगावे!

आता मुद्द्याचे बोलू. घारापुरीच्या माणसाचे सगळे सरकारी काम उरणला. वरच्या इयत्तेतल्या मुलाला शिकायचे तर पाणी ओलांडायचे. बाळंतीण अडली, म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली, की आधी होडी शोधायची आणि मग डॉक्टर. आणि घारापुरीची जवळची बाजू कोणती? मुंबईचे गेटवे दहा-अकरा किलोमीटर दूर. उरण-न्हाव्याचा किनारा त्या मानाने हाकेच्या अंतरावर. तरीही बेटाकडे जाणारी सगळी पर्यटकी वाहतूक गेटवेच्या एका धक्क्यावर कोंबून भरलेली, आणि जवळच्या किनाऱ्यावरून गावकऱ्याने आपले आपण पाहावे, असा हा उलटा कारभार आहे. त्या गेटवेवरच्या गर्दीला उपाय म्हणून रेडिओ क्लबजवळ नवी जेट्टी निघाली. कुलाब्याचे रहिवासी न्यायालयात गेले, आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटी घालून तिला वाट मोकळी केली. बांधा, आमची हरकत नाही. पण तिने मुंबईत उतरणाऱ्या पाहुण्यांची सोय होईल, आमची नव्हे आणि घारापुरीकरांचीही नव्हे.

डोंबिवलीचा माणूस आज काय करतो, ते पाहा. पहाटे उठून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत तास-दीड तास लोकल, तेथून गेटवे, तेथे रांग, मग तासभर लाँच. म्हणजे तो दक्षिणेला मुंबईच्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा पूर्वेला पाण्यावरून परततो. १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत उपनगरी गाडी धावते आहे. डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून नेरूळ, नेरूळहून उरण! रुळांचे काम सरकारने केले, पैसा ओतला, स्थानके बांधली. मग उरणच्या मोरा बंदरावरून किंवा न्हाव्याहून घारापुरीला ठरलेल्या वेळेला सुटणारी, सरकारच्या जबाबदारीवर चालणारी, मोजून माणसे घेणारी लाँच का नको? (घारापुरीचे मोराबंदर वेगळे आणि उरणचे मोरा वेगळे. या दोन नावांनी नवख्याचा गोंधळ होतो, म्हणून सांगितले.) फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरहून जलटॅक्सीचा केवढा गाजावाजा झाला! फिती कापल्या गेल्या, छायाचित्रे छापून आली. पण तिच्या वेगवान बोटींची भाडी ऐकून आमच्या नोकरदाराने पुन्हा लोकलची दांडी धरली. आम्हांला टॅक्सी नको आहे. आम्हांला लाँच हवी आहे, एस. टी.सारखी : रिकामी असली तरी सुटणारी, भरली की दुसऱ्याला न घेणारी.

अशी लाँच आधी गावासाठी सुरू करा. सकाळची पहिली फेरी शाळेच्या मुलांची आणि बाजाराची, संध्याकाळची शेवटची गावकऱ्यांच्या परतीची, आणि मधल्या फेऱ्यांत आम्ही पाहुणे. जी लाँच रोज आपल्याच गावच्या पोरांना नेते-आणते, तिच्यावर खलाशी चार माणसे जास्त चढवणार नाही. कारण त्या माणसांत त्याची भाची असेल, शेजारीण असेल. प्रवाशांची सुरक्षितता फलकावरच्या नियमांनी जितकी राखली जात नाही, तितकी या ओळखीने राखली जाते.

परदेशांकडे पाहायचेच असेल, तर तेथल्या चकचकीत धक्क्यांकडे न पाहता वहिवाटीकडे पाहा. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावर जेथे नेल्सन मंडेला कैदेत होते, तेथे पाहुण्यांना तुरुंग दाखवायला तेथेच बंदिवास भोगलेली माणसे उभी राहिली. जपानमधील मियाजिमा बेटावर ऑक्टोबर २०२३ पासून प्रत्येक पाहुण्याकडून शंभर येन घेतले जातात, ते पर्यटकांच्या गर्दीचा भार त्या बेटाला सोसता यावा म्हणून. घारापुरीची ग्रामपंचायतही पाहुण्यांकडून कर घेते. तो देताना कुरकुरणारी आणि त्याच्या कितीतरी पट पैसे वेफर्सच्या पुड्यांवर उधळणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्या पुड्या पुढे कुठे जातात, हेही पाहिले आहे! आपल्या घरच्या अंगणात कागदाचा कपटा पडू न देणारा सुसंस्कृत डोंबिवलीकर बेटावर उतरला की त्याचे काय होते, हे कोणी संशोधन करण्याजोगे आहे.

आणि शाळा! ठाणे-कल्याणच्या शाळांच्या सहली आज पाण्याच्या घसरगुंड्यांकडे आणि आकाशपाळण्यांकडे धावत सुटल्या आहेत. मुलांनी खेळू नये, असे आम्ही म्हणत नाही. पण आठवीच्या मुलाला इतिहासाच्या पुस्तकात घारापुरीचे चित्र दाखवायचे आणि चाळीस-पन्नास किलोमीटरांवरची घारापुरी दाखवायची नाही, हे शिक्षण कसले? मुख्याध्यापकांची अडचण आम्ही जाणतो. १८ डिसेंबरनंतर कोणता मुख्याध्यापक शंभर मुले घेऊन त्या लाँचमध्ये चढण्याची जबाबदारी घेईल? पालक सही करणार नाहीत, आणि त्यांचे काही चुकत नाही. लाँच सुरक्षित नाही म्हणून मुले लेणी पाहत नाहीत, आणि पाहिलीच नाहीत म्हणून मोठेपणी त्यांना लेण्यांचे सोयरसुतक राहत नाही. ज्यांना शिल्पांविषयी खरे काही सांगता येईल, अशी शेतबंदर-राजबंदरची तरुण मुले मात्र पायऱ्यांवर माळा विकत बसतात. त्यांना पुरातत्त्व खात्याने वर्षभर नीट शिकवावे, मराठीतून शिकवावे, परीक्षा घ्यावी आणि बिल्ला द्यावा. मग सदाशिवाला ‘ब्रह्मा-विष्णू-महेश’ म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही!

अटल सेतू घारापुरीच्या शेजारून धडधडत गेला आहे. नव्या मुंबईचा विमानतळ २०२५ मध्ये सुरू झाला. शिवडीहून बेटापर्यंत रज्जुमार्ग टाकण्याच्या गोष्टीही मध्यंतरी कानी आल्या होत्या. उद्या पाहुण्यांचे लोंढे वाढणार, यात शंका नाही. लेण्यांचे क्षेत्र पुरातत्त्व खात्याकडे, लाँचचे परवाने सागरी मंडळाकडे, बंदराचे पाणी बंदर प्राधिकरणाकडे, पर्यटनाच्या जाहिराती पर्यटन महामंडळाकडे आणि माणसांची दुखणी-खुपणी ग्रामपंचायतीकडे : एका बेटाचे हे पाच धनी! त्यांतल्या कोणालाही विचारले तरी तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून आम्ही पाचांनाही न विचारता राज्याच्या बंदरमंत्र्यांनाच विचारतो, आणि ठाणे, कल्याण व रायगडच्या लोकप्रतिनिधींनी विधानसभेत व लोकसभेत हाच प्रश्न विचारावा, अशी त्यांना विनंती करतो. उरणच्या स्थानकावर रविवारी सकाळी उतरलेल्या डोंबिवलीच्या कुटुंबाला मोरा बंदरावर घारापुरीची लाँच किती वाजता मिळेल, तिच्यात किती माणसे बसतील आणि परतीची शेवटची लाँच केव्हा सुटेल? एवढे एक वेळापत्रक आम्हांला हवे आहे. ते ज्या दिवशी हाती पडेल, त्या दिवशी याच पानावर, याच जागी, आम्ही ते छापू.